नाव न घेता: कॅनडा आणि अमेरिका यांच्यातील एका फरकाविषयी

कॅनेडियन माणसाच्या पायावर चुकून पाय पडला तर 'सॉरी' तोच म्हणतो, असा एक विनोद सीमेच्या दोन्ही बाजूंना चालतो. अमेरिकन माणूस तो हसत सांगतो. कॅनेडियन माणूस जरा संकोचून, पण आतून सुखावून. ऑन्टारिओ प्रांताने तर २००९ साली कायदाच केला की दिलगिरी व्यक्त करणे म्हणजे दोष कबूल करणे नव्हे, आणि दिवाणी दाव्यात ती पुरावा म्हणून वापरता येणार नाही. असे कायदे अमेरिकेतील काही राज्यांतही आहेत, त्यामुळे एवढ्यावरून दोन राष्ट्रांचे स्वभाव ठरवायला जाऊ नये. पण हा विनोद आणि हा कायदा शेजारी शेजारी ठेवले की एक गोष्ट खुणावते. माफी मागायची, फक्त कशाबद्दल ते नाव घेऊन म्हणायचे नाही.

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते. कॅनडा आणि अमेरिका या दोन्ही देशांचे गद्य माझ्या टेबलावर येत राहते. भाषा तीच, दुकाने तीच, बर्फ तेच, दूरचित्रवाणीवरच्या मालिकाही त्याच. शब्दांची लेखनपद्धती थोडी वेगळी, स्वच्छतागृहाला वापरायचा शब्द वेगळा, मैल आणि किलोमीटर वेगळे. मराठीत आणताना यातले बहुतेक फरक गळून पडतात. जो उरतो तो वाक्यरचनेतला. आपल्या जुन्या व्याकरणाच्या पुस्तकांतले शब्द वापरायचे तर अमेरिकन कागदपत्रांत कर्तरी प्रयोग जास्त: कोणी केले, कोणाला केले, हे बहुधा वाक्यातच असते, कधी कधी अंगावर येईल इतक्या उघडपणे. कॅनडाचे सरकारी कागद वाचताना मला कर्ता शोधावा लागतो. दार लावले गेलेले असते, लावणारा मात्र वाक्यात नसतो. हा निव्वळ शैलीचा प्रश्न असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. तो इतिहासाचा प्रश्न आहे, आणि एका टप्प्यावर तो आपल्या माणसांच्याही इतिहासाचा प्रश्न आहे.

१९०७ च्या सप्टेंबर महिन्यापासून सुरुवात करते.

वॉशिंग्टन राज्यातले बेलिंगहॅम हे सीमेलगतचे लाकूडगिरण्यांचे गाव. गिरण्यांत पंजाबातून आलेले मजूर काम करत. बहुतेक शीख, पण तिथे सगळ्यांना सरसकट 'हिंदू' म्हणत. ४ सप्टेंबरच्या रात्री सुमारे पाचशे गोऱ्या पुरुषांचा जमाव त्यांच्या राहत्या जागांवर चालून गेला. दारे फोडली, बिछान्यांतून ओढून रस्त्यावर आणले, सामान लुटले. अनेकांना 'संरक्षणासाठी' म्हणून नगरभवनाच्या तळघरात नेऊन बसवले. दोन-चार दिवसांत गावातले सगळे हिंदी मजूर निघून गेले. एकाही हल्लेखोराला शिक्षा झाली नाही. लपवाछपवी अशी कोणी केलीच नाही.

तीनच दिवसांनी, ७ सप्टेंबरला, सीमेपलीकडे व्हँकुव्हरमध्ये आशियाई लोकांना हाकलून लावा म्हणणाऱ्या संघटनेची सभा झाली. सभेचा जमाव झाला आणि तो चिनी वस्तीत घुसला. काचांचा खच पडला. तिथून तो जपानी वस्तीत गेला. तिथले लोक सावध होते, त्यांनी काठ्या आणि बाटल्यांनी परतवून लावला. दुसऱ्या दिवसापासून कॅनडात एक स्पष्टीकरण फिरू लागले: हे अमेरिकेतून आलेल्या चिथावणीखोरांचे काम. सभेत सिएटलहून आलेले वक्ते बोलले होते, हे खरेच. पण काचा फोडणारे हात कोठून आले होते, हा प्रश्न त्या स्पष्टीकरणाने आपोआप मिटला.

इथपर्यंत दोन्ही गावे एकसारखी. वेगळेपण पुढे सुरू होते. बेलिंगहॅममध्ये नंतर काहीच झाले नाही. व्हँकुव्हरमध्ये चौकशी आयोग आला. कामगार खात्याचे उपमंत्री विल्यम लायन मॅकेंझी किंग (पुढे एकवीस वर्षांहून अधिक काळ पंतप्रधानपदी राहिलेले हेच गृहस्थ) यांनी दुकानदारांच्या जबान्या घेतल्या, फुटलेल्या काचांचा हिशेब केला आणि जपानी व चिनी व्यापाऱ्यांना नुकसानभरपाई मिळवून दिली. भरपाई मागणाऱ्यांत दोन अफूचे कारखानदारही होते, हे पाहून किंग चकित झाले आणि त्यातून कॅनडाचा १९०८ चा अफूबंदी कायदा जन्मला, ही आपली जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट. नीटनेटका कारभार. दंगल झाली, चौकशी झाली, पैसे दिले गेले.

आणि मग दार लावले गेले. जानेवारी १९०८ मध्ये मंत्रिमंडळाचा एक हुकूम निघाला. त्यात हिंदुस्थानचे नाव नाही, कोणत्याही वंशाचे नाव नाही. एवढेच म्हटले आहे की, जो परदेशी माणूस आपल्या जन्माच्या किंवा नागरिकत्वाच्या देशातून सलग प्रवास करून, तिथेच काढलेल्या थेट तिकिटावर येणार नाही, त्याला उतरू देऊ नये. वाचायला किती निरुपद्रवी! वाटेत बोट बदलू नका, एवढेच. पण हिंदुस्थानातून कॅनडाला सलग येण्याची सोय उरणार नाही, याची व्यवस्था करून ठेवली होती. कलकत्त्याहून थेट तिकिटे विकू नयेत, असे जहाज कंपनीला सांगितले गेले. हिंदी माणसांची वर्षाला काही हजारांवर गेलेली संख्या बघता बघता बोटांवर मोजण्याइतकी झाली. इंग्रजीतल्या या तरतुदीच्या नावाचे मराठी करताना 'अखंड प्रवास' हा शब्द पहिल्यांदा सुचतो आणि लगेच खोडावा लागतो. 'अखंड' म्हटले की आपल्या कानात टाळ वाजू लागतात. मी 'सलग प्रवास' असे लिहिते. ते कोरडे आहे, आणि मूळही कोरडेच आहे.

नाव का घेतले नाही, याचे उत्तर उघड आहे. हिंदी माणूस ब्रिटिश प्रजाजन होता. राणीच्या जाहीरनाम्यात समानतेचे शब्द होते, आणि ते खोटे आहेत असे साम्राज्याच्याच एका वसाहतीने कायद्यात लिहून देणे लंडनला परवडणारे नव्हते. किंग १९०८ साली त्यासाठीच लंडनला जाऊन आले. त्यांच्या अहवालात हिंदी माणसाला कॅनडाची हवा मानवत नाही, त्याचे हाल होतात, असा कनवाळू सूर आहे. ज्याला हाकलायचे त्याच्याच भल्यासाठी हाकलायचे.

अमेरिकेला असला संकोच नव्हता. १९१७ च्या कायद्याने अक्षांश-रेखांश देऊन आशियाचा एक पट्टाच आखला आणि तिथल्या लोकांना बंदी केली. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात ते 'गोरे' नाहीत, म्हणून नागरिक होऊ शकत नाहीत, असा निकाल दिला. थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. आपण वांशिकदृष्ट्या आर्य आहोत, असा त्यांचा दावा होता. तो दावा आज वाचताना मान खाली जाते, कारण त्यात त्यांनी आपल्या उच्च जातीचाही आधार घेतला होता. न्यायालयाने मानववंशशास्त्र बाजूला ठेवले आणि सामान्य माणसाला 'गोरा' म्हणून जो कळतो तोच गोरा, असे ठरवले. निर्लज्ज निकाल; पण त्यात प्रत्येक शब्दाला पत्ता आहे.

या दोन पद्धतींमधून वाट काढणारी माणसे त्या काळी सीमेवर वावरत होती. तारकनाथ दास हे बंगाली क्रांतिकारक व्हँकुव्हरमध्ये अमेरिकन इमिग्रेशन खात्यात दुभाषे होते. दिवसा ते अधिकाऱ्यांचे प्रश्न मजुरांना सांगत आणि मजुरांची उत्तरे अधिकाऱ्यांना. (हे वाचल्यापासून माझ्या व्यवसायाच्या पूर्वजांत मी त्यांची गणना करते.) १९०८ मध्ये त्यांनी व्हँकुव्हरमधून 'फ्री हिंदुस्थान' हे नियतकालिक सुरू केले. नोकरी गेली, दबाव आला, आणि नियतकालिक सीमेपलीकडे सिएटलला गेले. ज्या किनाऱ्यावर बेलिंगहॅम घडले तिथेच साम्राज्याविरुद्ध छापण्याची मोकळीक होती. १९१३ च्या नोव्हेंबरपासून सॅन फ्रान्सिस्कोतून 'गदर' निघू लागला तोही याच कारणाने. सिएटलच्या विद्यापीठात अभियांत्रिकी शिकायला गेलेला तळेगाव ढमढेरेचा विष्णू गणेश पिंगळे याच चळवळीत ओढला गेला. तो १९१४ च्या अखेरीस परत आला, मेरठच्या छावणीत बॉम्बसह पकडला गेला आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभांबरोबर फासावर गेला. मात्र अमेरिकेची मोकळीकही कायमची नव्हती. ती महायुद्धात उतरताच गदरवाल्यांवर सॅन फ्रान्सिस्कोत खटला भरला गेला, आणि तारकनाथ दासांनाही तुरुंगात जावे लागले.

दरम्यान 'कोमागाटा मारू' येऊन गेली होती. गुरदितसिंग यांनी भाड्याने घेतलेले हे जपानी जहाज ३७६ प्रवासी घेऊन २३ मे १९१४ रोजी व्हँकुव्हरच्या बंदरात आले. ते हाँगकाँगहून निघाले होते, म्हणजे 'सलग' नव्हते. दोन महिने ते किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर उभे राहिले. पूर्वी कॅनडात राहिलेल्या वीसएक जणांना उतरू दिले. बाकीच्यांना अन्न-पाण्यासाठी तंगवत २३ जुलैला युद्धनौकेच्या पहाऱ्यात परत पाठवले. सप्टेंबरच्या अखेरीस कलकत्त्याजवळ बजबजला पोलिसांच्या गोळीबारात त्यांच्यातले वीसच्या आसपास लोक मेले. या साऱ्या काळात कॅनडाच्या कायद्याची भूमिका एकच होती: नियम सर्वांना सारखा आहे.

ही सवय कॅनडाला लागली कोठून? तिथल्या शाळांत एक ठरलेली तुलना शिकवली जाते. अमेरिकेच्या १७७६ च्या जाहीरनाम्यात जीवन, स्वातंत्र्य आणि सुखाचा शोध आहे. कॅनडाच्या १८६७ च्या घटनेत शांतता, सुव्यवस्था आणि सुशासन आहे. एक बंड करून जन्मले, दुसरे वाटाघाटी करून. अमेरिकन क्रांतीच्या वेळी राजाशी एकनिष्ठ राहिलेले चाळीस ते पन्नास हजार लोक उत्तरेला आले, आणि त्यांनी आपल्याबरोबर बंडाविषयीचा संशय आणला. अमेरिकेने जे ठरवले ते लिहून काढले. कॅनडाच्या १८६७ च्या कायद्यात पंतप्रधान या पदाचा उल्लेखसुद्धा नाही. आमची घटना तत्त्वतः ब्रिटनसारखी आहे, एवढे सांगून ज्यांना कळायचे त्यांना कळेल अशी सोय केली आहे. अर्थात अमेरिकनांनाही मोघम बोलता येत नाही असे नाही. १७७४ च्या कायद्याने क्वेबेकमधल्या कॅथलिकांना धर्माची आणि फ्रेंच दिवाणी कायद्याची मुभा दिली, हे त्यांना खटकले होते. जाहीरनाम्यातल्या तक्रारींत ते आहे, पण 'एक शेजारचा प्रांत' एवढ्याच शब्दांत. कॅनडाचे नाव न घेण्याची सुरुवात अशी अमेरिकेनेच केली म्हणायची.

'शांतता, सुव्यवस्था आणि सुशासन' या शब्दांवर कॅनेडियन लेखक फार प्रेमाने लिहितात. आपला समंजसपणा, आपला संयम त्यांना त्यात दिसतो. हिंदुस्थानी वाचकाला मात्र हे शब्द वेगळ्या ठिकाणी भेटलेले असतात. लंडनच्या कायदेमंडळाने वसाहतींसाठी ठेवलेला तो एक साचा होता. १८६४ साली क्वेबेकमध्ये ठरलेल्या मसुद्यात 'सुव्यवस्था' नव्हती, तिथे 'कल्याण' हा शब्द होता. लंडनमध्ये तो बदलला. हाच साचा थोडा आखडून हिंदुस्थानच्या कायद्यात आला: आणीबाणीच्या प्रसंगी ब्रिटिश हिंदुस्थानच्या 'शांतता आणि सुशासना'साठी गव्हर्नर जनरलने वटहुकूम काढावेत. १९३० साली आयर्विन यांनी लाहोर कटाच्या खटल्यासाठी खास न्यायाधिकरण नेमले ते या अधिकाराखाली. आरोपींनी त्याला प्रिव्ही कौन्सिलमध्ये आव्हान दिले. फेब्रुवारी १९३१ मध्ये उत्तर आले की, आणीबाणी आहे की नाही हे ठरवणारा एकटा गव्हर्नर जनरल. २३ मार्चला भगतसिंग, सुखदेव आणि खेडचे शिवराम हरी राजगुरू यांना फाशी झाली. कॅनडाने आपल्या वाट्याच्या शब्दांना पुढे वेगळा अर्थ मिळवून दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण शब्द एकाच टाकसाळीतले आहेत.

गुलामगिरीच्या बाबतीत हा फरक सर्वांत खोल गेला. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, गुलामांना मुक्त केल्याबद्दल. अर्पणपत्रिका कॅनडाला नाही, आणि तसे कोणाला सुचण्याचे कारणही नव्हते. अमेरिकेने गुलामगिरी घटनेत ठेवली, तिच्यावरून यादवी लढली, आणि घटनादुरुस्ती करून ती काढून टाकली. पुण्यात बसलेल्या माणसाला ते सगळे दिसू शकत होते. कॅनडाकडे त्या काळची आठवण आहे ती आश्रयदात्याची. १८५० च्या पळपुट्या गुलामांच्या कायद्यानंतर हजारो माणसे उत्तरेला पोहोचली; एकूण तीस ते चाळीस हजार असा अंदाज नेहमी दिला जातो. हॅरिएट टबमन काही वर्षे ऑन्टारिओतल्या सेंट कॅथरिन्समध्ये राहिल्या. ही आठवण खोटी नाही.

तिच्या मागच्या पानावर मात्र हे आहे. राजनिष्ठ निर्वासितांनी उत्तरेला येताना आपले गुलामही आणले होते. त्यांच्याबरोबर सुमारे तीन हजार मुक्त कृष्णवर्णीय नोव्हा स्कोशियात आले. १७८४ साली शेलबर्नमध्ये त्यांच्यावर हल्ले झाले, आणि १७९२ मध्ये त्यांच्यातले जवळजवळ बाराशे जण कंटाळून सिएरा लिओनला निघून गेले. अप्पर कॅनडाच्या १७९३ च्या कायद्याने नवे गुलाम आणायला बंदी केली, पण आहेत त्यांच्यापैकी एकालाही मोकळे केले नाही. पुढे जन्मणारी मुले पंचविसाव्या वर्षी सुटणार होती. त्यामुळे त्या वर्षांत माणसे उलट दिशेनेही पळत होती. कॅनडातले गुलाम डेट्रॉइट नदी ओलांडून दक्षिणेला जात. १८०७ साली डेट्रॉइटचे न्यायाधीश वुडवर्ड यांनी त्यांना परत करायला नकार दिला. त्याच न्यायाधीशांनी त्याच वर्षी डेट्रॉइटच्या डेनिसन भावंडांना मात्र गुलाम ठरवले, तेव्हा ती नदी ओलांडून कॅनडात गेली. नदी एकच, आणि स्वातंत्र्य दोन्ही काठांना, फक्त पलीकडच्या माणसासाठी.

ऑन्टारिओत ड्रेस्डेन नावाचे गाव आहे. स्टो बाईंच्या 'अंकल टॉम'शी ज्यांचे नाव जोडले जाते त्या जोसाया हेन्सन यांची वसाहत इथली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत याच गावातली उपाहारगृहे कृष्णवर्णीयांना चहा देत नव्हती. १९४९ साली भेदभावाला मनाई करावी का, असा कौल गावात घेतला गेला आणि गावाने मोठ्या बहुमताने 'नको' म्हटले. असा भेद करा, असे सांगणारा कायदा तिथे नव्हताच; त्यामुळे रद्द करायला काही नव्हते, नवाच करावा लागला, आणि तो प्रांताने १९५४ मध्ये केला.

व्हायोला डेस्मंड यांची गोष्ट याहून बोलकी आहे. हॅलिफॅक्सच्या या व्यावसायिक बाई ८ नोव्हेंबर १९४६ रोजी न्यू ग्लासगोच्या चित्रपटगृहात खालच्या भागात बसल्या. तिथे बसायचा रिवाज गोऱ्यांचा. त्यांना उचलून बाहेर काढले आणि रात्रभर कोठडीत ठेवले. दुसऱ्या दिवशी आरोप काय, तर करमणूक कर चुकवला! खालच्या आणि वरच्या तिकिटाच्या करात एका सेंटचा फरक होता. त्यांनी खालच्या तिकिटाचे पैसे देऊ केले होते, ते घेतलेच गेले नव्हते. दंड आणि खर्च मिळून सव्वीस डॉलर. त्या न्यायालयात वर्णाचा उल्लेखही झाला नाही. नऊ वर्षांनी माँटगोमेरीत रोझा पार्क्स यांना अटक झाली ती वर्णभेदाच्या लिखित नियमाखाली. तो नियम न्यायालयात नेता आला आणि पुढच्याच वर्षी पाडता आला. डेस्मंड यांच्या वकिलाने पाडायचे तरी काय? करमणूक कर? त्यांचे अपील तांत्रिक मुद्द्यावर फेटाळले गेले. २०१० मध्ये, मृत्यूनंतर पंचेचाळीस वर्षांनी, त्यांना माफी जाहीर झाली, आणि आता दहा डॉलरच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे. भाड्याच्या घराच्या जाहिरातीत 'शाकाहारी कुटुंबास प्राधान्य' हे शब्द ज्यांनी वाचले आहेत त्यांना ही भाषा परकी वाटू नये.

अन्न हेही न लिहिण्याचे साधन होऊ शकते. लिटल बिगहॉर्नच्या लढाईनंतर, १८७७ मध्ये, सिटिंग बुल आपल्या लकोटा लोकांना घेऊन सीमा ओलांडून कॅनडात आले. पोलीस अधिकारी वॉल्श यांनी त्यांना सन्मानाने वागवले. दोघांची मैत्री झाली. कॅनडा या प्रसंगाचा अभिमान बाळगतो. पण ओटावाने त्यांना राखीव जमीन दिली नाही, शिधाही दिला नाही. गव्यांचे कळप संपत आले होते. हाकलण्याची वेळच आली नाही. उपासमारीने थकलेले सिटिंग बुल जुलै १८८१ मध्ये दक्षिणेला जाऊन स्वतः शरण आले.

माझ्या या मांडणीला अपवाद आहेत, आणि ते छोटे नाहीत. चिनी लोकांच्या बाबतीत कॅनडानेही सरळ नाव घेतले. अमेरिकेने १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी केली. कॅनडाने १८८५ मध्ये प्रत्येक चिनी माणसावर पन्नास डॉलरची पट्टी बसवली, १९०३ पर्यंत ती पाचशेवर नेली आणि १९२३ मध्ये दार जवळजवळ बंदच केले. चीन साम्राज्यात नव्हता, तेव्हा भीड बाळगायचे कारण नव्हते. ऑन्टारिओत कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या शाळांचा कायदा होता, आणि अशी शेवटची शाळा १९६५ मध्ये बंद झाली. उलट १९४२ साली अमेरिकेने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सव्वा लाखाच्या आसपास माणसांना छावण्यांत डांबले, तेव्हा रूझवेल्ट यांच्या हुकमात 'जपानी' हा शब्दच नव्हता. कॅनडाने बावीस हजारांच्या आसपास लोकांना हलवले, त्यांची घरे आणि होड्या विकून टाकल्या, आणि १९४९ पर्यंत त्यांना किनाऱ्यावर परतू दिले नाही; अमेरिकेने १९४५ मध्येच परवानगी दिली होती. १९८८ मध्ये सहा आठवड्यांच्या अंतराने दोघांनी माफी आणि भरपाई दिली. माणशी अमेरिकेने वीस हजार डॉलर, कॅनडाने एकवीस हजार. आकडा हजाराने मोठा, पण डॉलर कॅनडाचे.

त्या छावण्यांतून आलेली दोन पुस्तके मी विद्यार्थिदशेत लागोपाठ वाचली. जॉन ओकाडा यांची 'नो-नो बॉय' (१९५७) ही सिएटलची कादंबरी. सैन्यात जायला नकार देऊन तुरुंगवास भोगलेला तरुण घरी परततो आणि पुस्तकभर आई, मित्र, देश, स्वतः, सर्वांवर जळत राहतो. जॉय कोगावा यांची 'ओबासान' (१९८१) ही व्हँकुव्हरमधून उखडलेल्या घराची. तिच्यातली काकू जवळजवळ बोलतच नाही. मावशी पत्रे, कात्रणे, पत्रके जमवून भाचीपुढे टाकते, आणि भाची त्या दोघींच्या मध्ये उभी असते. तौलनिक साहित्याच्या वर्गात अशा जोड्या लावण्याची हौस असते, आणि दोन पुस्तकांवरून दोन देश ठरत नाहीत, हे मला माहीत आहे. ओकाडांचा क्रोध त्यांच्या हयातीत फारसा कोणी वाचला नाही. १९७१ मध्ये ते वारले, त्यानंतर पाच वर्षांनी ते पुस्तक पुन्हा छापले गेले. कोगावांच्या पुस्तकातल्या ओळी मात्र १९८८ मध्ये कॅनडाच्या संसदेत वाचल्या गेल्या. ते पुस्तक एका जुन्या निवेदनाने, सरकारकडे पाठवलेल्या सरकारी भाषेतल्या कागदाने संपते. भाषांतर करायचे झाल्यास सर्वांत अवघड तेच पान असेल.

न लिहिण्याच्या या सवयीतून कॅनडाने चांगलेही काही कमावले असेल. माणूस आपली जुनी ओळख वितळवून नवा व्हावा, ही अपेक्षा तिथे कमी बोलून दाखवली गेली, आणि १९७१ मध्ये बहुसांस्कृतिकता हे सरकारी धोरण झाले. त्याआधीच तिथे दोन राजभाषा होत्या. अमेरिकेत २०२५ च्या अध्यक्षीय हुकमापर्यंत संघराज्याला राजभाषाच नव्हती. 'मेडिकेअर' हा शब्द दोन्हीकडे आहे, पण अमेरिकेत तो मुख्यतः पासष्टीपुढच्यांचा विमा आणि कॅनडात सगळ्यांचा दवाखाना. मी त्याचे भाषांतर दोन पुस्तकांत दोन तऱ्हांनी केले आहे. सस्कॅचेवानने १९६२ मध्ये ही योजना सुरू केली तेव्हा डॉक्टर तेवीस दिवस संपावर होते. तिथे सगळे काही बोलून, भांडून, लिहून झाले; म्हणजे जमते.

आणि काही बाबतींत कॅनडाने अमेरिकेची थेट नक्कलच केली. मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून वसतिशाळांत ठेवण्याची पद्धत पाहून यायला पंतप्रधान मॅकडॉनल्ड यांनी १८७९ मध्ये निकलस डेविन यांना अमेरिकेत पाठवले. अनुकूल अहवाल आला आणि शाळा निघाल्या. सुमारे दीड लाख मुले त्यांतून गेली. आपली भाषा बोलल्याबद्दल मुलांना मार पडे. शेवटची शाळा १९९० च्या दशकात बंद झाली. तिथल्या सत्यशोधन आयोगाने २०१५ मध्ये त्याला 'सांस्कृतिक वंशसंहार' असे नाव दिले. अमेरिकेच्या अध्यक्षांनी तिकडच्या शाळांबद्दल माफी मागितली ती २०२४ मध्ये. या वेळी नाव आधी उत्तरेकडून घेतले गेले.

'कोमागाटा मारू'बद्दल पंतप्रधान हार्पर यांनी २००८ च्या ऑगस्टमध्ये माफी मागितली, पण व्हँकुव्हरजवळच्या सरे गावात, एका उद्यानातल्या मेळाव्यात. जमलेल्या शीख मंडळींनी ती तिथल्या तिथे नाकारली. त्यांचे म्हणणे असे की, ज्या जागी कायदे होतात त्या जागी बोला, म्हणजे ते नोंदले जाईल. आठ वर्षे गेली. १८ मे २०१६ रोजी पंतप्रधान त्रूदो संसदेत उभे राहिले. त्यांच्या भाषणात जहाजाचे नाव आहे, आणि त्या प्रवाशांना बाहेर ठेवणाऱ्या कायद्यांना जबाबदार कोण, हे सांगणारे एक वाक्य आहे. त्या वाक्याला कर्ता आहे: कॅनडाचे सरकार.